दोन गुंठे, २.०० आणि ६६ बाय ३३: एकाच प्लॉटची तीन मापं कशी?

शेळगीवाला

नमस्कार मंडळी. मेव्हण्यासाठी अक्कलकोट रोडला, कुंभारीच्या अलीकडे एक एनए (बिनशेती) प्लॉट बघतोय. कोपऱ्यावरचा आहे, त्यामुळे जरा वाकडातिकडा. भाव चौरस फुटाला १,४०० सांगितलाय. भाव पटण्यासारखा आहे, मापाचं काही जुळेना.

एजंट म्हणतो, "दोन गुंठे भरतंय की मालक, डोळे झाकून घ्या." म्हणजे २,१७८ चौरस फूट. सातबाऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात नुसतं २.०० आहे. खरेदीखताच्या मसुद्यात 'क्षेत्र अंदाजे २०० चौ. मी.' असं लिहिलंय, त्याचे होतात २,१५२.७८ चौरस फूट. खोदून विचारल्यावर एजंटनं एका चिठ्ठीवर चार बाजू लिहून दिल्या: उत्तर ७०, दक्षिण ६२, पूर्व ३६, पश्चिम ३० फूट. खाली गणित: ६६ × ३३ = २,१७८. म्हणजे परत दोन गुंठे.

आता पैसे नक्की कुठल्या आकड्यावर द्यायचे? आणि वाकड्या जागेचं क्षेत्र असं सरासरीनं काढतात का?

कडकभाकरी

सातबाऱ्यावर २.०० म्हणजे दोन हेक्टर असणार. पाच एकर रान तीस लाखात मिळतंय आणि तुम्ही इथं विचारत बसलाय? घ्या की!

शंकूसाखळी

कडकभाकरी, विनोद म्हणून ठीक आहे, पण असं वाचणारी माणसं मी खरोखर बघितलीत. भूमी अभिलेखात भूकरमापक म्हणून नोकरी झाली, त्यामुळे सवडीनं लिहितो.

सातबाऱ्यावर आकडा वाचण्याआधी त्याचं एकक वाचायचं. शेतजमिनीच्या उताऱ्यावर एकक असतं हे.आर.चौ.मी., म्हणजे हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे तीन कप्पे. ०.९४.६० म्हणजे शून्य हेक्टर, ९४ आर, ६० चौरस मीटर. २०२० साली सातबाऱ्याचा नमुना सुधारला, तेव्हापासून बिनशेतीचं क्षेत्र आर.चौ.मी. या दोनच कप्प्यांत दाखवतात. तुमचं २.०० हे दोन आर शून्य चौरस मीटर आहे. एक आर म्हणजे १०० चौ. मी. तेव्हा मसुद्यातले २०० चौ. मी. आणि उताऱ्यावरचं २.०० ही दोन मापं नाहीत, एकच आहे. तीनातलं एक भांडण इथंच मिटलं.

आता आर आणि गुंठा. बोलताना 'आर म्हणजेच गुंठा' असं सर्रास म्हणतात, तलाठ्यासमोर बसलेले शेतकरीही म्हणतात आणि कोणी दुरुस्त करत नाही. जवळजवळ आहे, सारखं नाही. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, १०१.१७ चौ. मी. आर म्हणजे १०० चौ. मी., १,०७६.३९ चौरस फूट. दर गुंठ्यामागे साडेबारा चौरस फुटांचा फरक. रानात तो कोणी मोजत नाही, बांधाच्या रुंदीत जातो. तुमच्या दोन गुंठ्यांत २५ चौरस फूट. १,४०० च्या भावानं पस्तीस हजार झाले.

राहिला ६६ × ३३. त्यावर वेगळं लिहितो, जेवून येतो.

मालदांडी

काका जेवून येईपर्यंत आमच्या मोहोळ भागातली एक गंमत सांगतो. इथं 'एक वीस' म्हणजे एक एकर वीस गुंठे, दीड एकर. तोंडी व्यवहारात यात कोणाचा घोळ होत नाही. पण पुण्याला नोकरी करणारा भाऊ एक्सेलमध्ये १.२० एकर लिहितो आणि ४०.४७ नं गुणून ४८.५६ आर काढतो. दीड एकराचे आर होतात ६०.७. बारा गुंठे जमीन संगणकानं खाल्ली!

एकरात गुंठे ४०, म्हणून टिंबानंतरचा आकडा ३९ च्या पुढं जाऊच शकत नाही. कोणी '१.७५ एकर' म्हणालं की समजायचं, हा दशांशात बोलतोय आणि त्याला पावणेदोन एकर म्हणायचंय. पण '१.२०' किंवा '२.३०' आलं की विचारल्याशिवाय कळत नाही. मी तर लिहिताना टिंब देतच नाही. १ ए. २० गुं. असं लिहितो.

प्राजक्ता_जुळेसोलापूर

शून्याचा घोळ पण लिहा. आमच्या वाटणीपत्रात टायपिस्टनं ०.०५ चं ०.५ केलं होतं. पाच आरचे पन्नास आर. सही करायच्या आधी चुलत्यांनी पकडलं म्हणून बरं, नाहीतर त्यांच्याच हिश्श्यातून गेले असते.

शंकूसाखळी

हो, म्हणून हे.आर.चौ.मी. लिहिताना शून्यं खायची नाहीत. ०.०५.००, पुरं लिहायचं.

आता चार बाजूंची गोष्ट. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा, हा हिशेब गावोगाव चालतो. (७० + ६२) ÷ २ = ६६, (३६ + ३०) ÷ २ = ३३. एजंटनं गणितात चूक केलेली नाही. पण हा हिशेब फक्त काटकोनी आयतालाच बरोबर येतो. जागा जराही तिरकी असली की उत्तर खऱ्या क्षेत्रापेक्षा जास्तच येतं. कमी कधीच येत नाही. लक्षात घ्या, विकणाऱ्याच्या सोयीचाच हिशेब आहे हा.

कारण सरळ आहे. चार बाजूंची लांबी ठरली म्हणून चौकोन ठरत नाही. बाजेची चौकट सैल झाली की कशी तिरकी होते? चारही लाकडं तेवढीच राहतात, मधली जागा कमी होते. प्लॉटचंही तेच. चार बाजू त्याच ठेवून कितीतरी वेगवेगळी क्षेत्रं निघतात. म्हणून पाचवं माप लागतं: कर्ण. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरायचा. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले, आणि त्रिकोणाला मात्र तीन बाजू पुरतात.

हे काही इंग्रजांनी शिकवलेलं नाही. ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्येच सरासरीच्या या हिशेबाला स्थूल, म्हणजे ढोबळ, म्हणून वेगळं काढलं आणि सूक्ष्म क्षेत्राचं वेगळं सूत्र दिलं. त्याचं ते सूत्रही चारही कोपरे एका वर्तुळावर येत असतील तरच लागू पडतं. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी लीलावतीत आणखी पुढं जाऊन सांगितलं की लंब किंवा कर्ण न सांगता जो चौकोनाचं क्षेत्र विचारतो तो पिशाच, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा. तुमच्या एजंटची जमात जुनी आहे.

शेळगीवाले, टेप घेऊन जा. वायव्य कोपऱ्यापासून आग्नेय कोपऱ्यापर्यंत माप घ्या. जमलं तर दुसरा कर्णही घ्या, पडताळ्याला.

होटगीकर

काका, ३३ फुटांचाच गुंठा का? ३० नाही, ३५ नाही. लहानपणापासून पडलेला प्रश्न आहे.

शंकूसाखळी

साखळीमुळे. एडमंड गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १६२० च्या सुमारास ६६ फुटांची मोजणीची साखळी काढली. तिचं सोपं गणित असं, की दहा चौरस साखळ्यांचा बरोबर एक एकर होतो. आपल्या मुंबई इलाख्यात जमीन मोजताना तिच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी वापरली. निम्म्या साखळीचा चौरस म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून एकराचे ४० चौरस झाले. तोच गुंठा. या साखळीचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणायचे. म्हणून जुन्या उताऱ्यात 'एकर-गुंठे-आणे' असे तीन रकाने दिसतात.

इथं एक खाच आहे. क्षेत्राचा आणा म्हणजे गुंठ्याचा सोळावा हिस्सा, ६८ चौरस फूट. लांबीचा आणा म्हणजे साखळीचा सोळावा हिस्सा, दोन फूट आणि पाऊण इंच. टिपणावर, म्हणजे मोजणीच्या कच्च्या नकाशावर, बाजूच्या रेघेवर लिहिलेले आणे लांबीचे. आकारबंदात, म्हणजे क्षेत्र आणि आकारणीच्या नोंदवहीत, क्षेत्रापुढं लिहिलेले आणे क्षेत्राचे. शब्द तोच, वस्तू वेगळी.

आणि ही पद्धत आपल्या शेजारीच रुजली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात जी मोजणी-आकारणी सुरू केली, तीच पुढं इलाखाभर गेली. इंदापूर म्हणजे आपल्या भीमेच्या पलीकडलं.

त्याच्याही आधीचं माप हवं असेल तर काठी-पांड-बिघा-चाहूर. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर. पण काठीच हात आणि मुठींनी मोजायची, आता हात कोणाचा धरायचा यावरच भांडणं.

गिरणगावचा_नातू

आमच्या आजोबांच्या कागदात तर फूटही नाहीत, गुंठेही नाहीत. 'आठ खणांचे घर' आणि खाली चतुःसीमा: पूर्वेस बोळ, पश्चिमेस अमक्याची भिंत. याचं क्षेत्र कसं काढायचं?

अॅड_सातरस्ता

खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. तुळई जेवढी लांब मिळाली तेवढा खण. त्यामुळे खणाला गुणून चौरस फूट काढायच्या फंदात पडू नका. गावठाणात नगर भूमापन झालेलं असेल तर मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) चौ. मी. मध्ये क्षेत्र आहे, ते घ्या. मात्र ते जमिनीचं क्षेत्र आहे, खोल्यांचं नाही.

आणि चतुःसीमेला कमी लेखू नका. खरेदीखतात क्षेत्राचा आकडा एक आणि हद्दी दुसरंच दाखवतात असं झालं, तर हद्दी स्पष्ट असल्या की सर्वसाधारणपणे हद्दींना जास्त वजन मिळतं. शेवटी माणूस हद्दीच्या आतली जागा विकत घेतो.

म्हणूनच शेळगीवाले, तुमच्या मसुद्यातल्या 'अंदाजे' या शब्दाकडे बघा. त्याच्यापुढं कुठंतरी 'क्षेत्र कमी-जास्त भरल्यास उभयतांची तक्रार राहणार नाही' असं वाक्य आहे का? असेल तर सगळा धागा त्या वाक्यापाशी येऊन थांबतो. बाजू, दोन्ही कर्ण आणि मंजूर रेखांकनातला (लेआउटमधला) प्लॉट नंबर मसुद्यात घालून घ्या, आणि रक्कम 'प्रत्यक्ष मोजणीत भरेल त्या क्षेत्रावर' असं लिहून घ्या.

शेळगीवाला

आहे साहेब, ते वाक्य आहे. तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात.

अॅड_सातरस्ता

असणारच.

टॉवेलवाला_एमआयडीसी

विषयाला थोडं सोडून, पण क्षेत्रफळावर आमचं पोट चालतं म्हणून लिहितो. टॉवेलचा भाव विचारताना बाहेरगावचा व्यापारी आधी 'जीएसएम' विचारतो. एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम, एवढाच अर्थ. टॉवेलचं वजन नव्हे!

तीस-साठचा टॉवेल म्हणजे ३० इंच बाय ६० इंच, ढोबळ ७५ बाय १५० सेंटीमीटर. ०.७५ × १.५ = १.१२५ चौ. मी. कापड ४०० जीएसएमचं असेल तर नग भरतो ४५० ग्रॅम. आता काही जण ४०० जीएसएम ऐकून काट्यावर ४०० ग्रॅम बघतात आणि '५० ग्रॅम जास्तच दिलंय की' म्हणून खूश होतात. उलट, लहान नॅपकीन हातात घेऊन 'एवढा हलका, हा ४०० कसा' म्हणून भांडायलाही येतात. मोजायचं असलं तर लांबी-रुंदी घ्या, वजन करा, भागा.

स्लॅबवाली_ताई

साइटवर क्षेत्राचा सगळ्यात घोटाळ्याचा शब्द म्हणजे ब्रास. वाळू, मुरूम, खडी यांचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. बांधकामाच्या मजुरीचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. ९०० चौरस फुटांच्या स्लॅबला मिस्त्री 'नऊ ब्रास' म्हणतो. परवाच एका घरमालकानं नऊ ब्रासचा स्लॅब ऐकून नऊ ब्रास वाळू टाकली. गल्लीत बैल शिरेना एवढा ढीग.

दुसरा शब्द 'फूट'. सुतार 'साठ रुपये फूट' म्हणतो, तेव्हा रनिंग फूट की चौरस फूट हे आधी ठरवा. पट्टी, कठडा, पाइप रनिंग. दार, फरशी, रंग चौरस. आणि फरशी घेताना '२ बाय २' वर जाऊ नका. ती ६०० मिलिमीटरची असते, दोन फुटांना जराशी कमी. चार नगांचं खोकं १.४४ चौ. मी., म्हणजे १५.५ चौरस फूट. लोक १६ धरतात. एका खोलीला फरक पडत नाही, १,००० चौरस फुटांच्या घराला दोन खोकी कमी पडतात. आणि दुसऱ्यांदा आणलेल्या खोक्याचा रंग जुळेल याची खात्री नाही.

प्राजक्ता_जुळेसोलापूर

फ्लॅटबद्दलही सांगा ना ताई. विजापूर रोडला बघतोय, बिल्डर ८५० म्हणतो, आत टेप धरला तर सहाशेच्या घरात.

स्लॅबवाली_ताई

८५० हा बहुतेक सुपर बिल्टअप असेल. त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज यातला तुमचा वाटा घालतात, आणि किती घालायचा हे ज्याचं त्याचं. रेरा, म्हणजे बिल्डरांवरचा स्थावर संपदा कायदा, आल्यापासून (कायदा २०१६ चा) विक्री कार्पेट एरियावर करायची असते, आणि कार्पेटची व्याख्या कायद्यातच आहे. बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, आतल्या आडभिंती धरायच्या. बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात नाही, ती वेगळी दाखवायची. त्यामुळे तुमचा टेप आणि रेरा कार्पेट यात आतल्या भिंतींच्या जाडीएवढा फरक राहणारच, त्यावरून बिल्डरशी भांडू नका. अडीचशेच्या फरकावरून भांडा.

भिंत किती जागा खाते याचा अंदाज नसतो लोकांना. आतून १० बाय १२ ची सुटी खोली घ्या, १२० चौरस फूट. चारी बाजूंनी नऊ इंची भिंत. बाहेरून झाली साडेअकरा बाय साडेतेरा, १५५ चौरस फूट. जुन्या पेठेतल्या वाड्यांच्या भिंती तर दोन-दोन फुटी, तिथं गणित न केलेलंच बरं.

कडकभाकरी

मला एक सांगा, 'दहा फूट चौरस' आणि 'दहा चौरस फूट' यात फरक आहे का? वर्तमानपत्रात दोन्ही दिसतात.

मालदांडी

दहापट आहे की बे! दहा फूट चौरस म्हणजे बाजू दहा-दहा फुटांची, क्षेत्र १००. दहा चौरस फूट म्हणजे देव्हाऱ्यापुरती जागा.

होटगीकर

आणि आकडा वाढेल तशी पट वाढत जाते. आपल्या जिल्ह्याचं क्षेत्र १४,८९५ चौरस किलोमीटर. हाच जिल्हा एका सरळ चौरसात बसवला तर १२२ किलोमीटर चौरस झाला. कोणी '१५ हजार किलोमीटर चौरस' छापलं तर त्यात पृथ्वीच मावणार नाही का? मी मुलांना वर्गात हेच उदाहरण देतो, कारण एकदा हसू आलं की विसरत नाहीत. दुसरं म्हणजे ३.२८ चा मोह. मीटरचे फूट करताना ३.२८ नं गुणतात, तसंच चौरस मीटरलाही ३.२८ नंच गुणतात. तिथं ३.२८ दोनदा लागतो, म्हणून १०.७६४. वाराचंही तसंच. वाराचे फूट तीन, चौरस वाराचे चौरस फूट नऊ.

सांगोल्याचा_डाळिंबवाला

आम्हाला झाडं मोजायला लागतंय हे गणित. साडेचार बाय तीन मीटरवर लावलं तर एका झाडाला साडेतेरा चौरस मीटर. हेक्टरी १०,००० भागिले १३.५, म्हणजे ७४० झाडं. एकरी तीनशे. रोपवाटिकेत एवढीच ऑर्डर द्यायची नाही, कारण भागाकार बांधापासून बांधापर्यंत करतो आणि झाड बांधावर लागत नाही. ट्रॅक्टर वळवायला कडेला जागा सोडली की एकरात तीनशे कधीच बसत नाहीत. त्यात सातबाऱ्यावरच्या एकूण क्षेत्रात पोटखराबा असतो. ओढा, खडक, विहिरीची जागा. लागवडीचं क्षेत्र वेगळ्या ओळीत लिहिलेलं असतं, तेच धरा.

शंकूसाखळी

बरोबर. आणि पोटखराबा 'अ' की 'ब' हेही बघा. 'अ' म्हणजे खडकाळ, लागवडीला अयोग्य. 'ब' म्हणजे रस्ता, ओढा, पाणवठा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेला. विकत घेताना दोन्हीचे पैसे सारखेच मोजतात लोक.

सोलापूर_टू_पुणे

गुंठेवारीचा विषय निघालाच आहे तर, वडिलांनी २००४ ला शेतातले दोन गुंठे घेतलेत, तुकडेबंदीमुळे नोंद...

संचालक

सोलापूर_टू_पुणे, गुंठेवारी नियमित करणं आणि तुकडेबंदी यांचा वेगळा धागा आहे, तिथं विचारा. नियम अलीकडे बदललेत, इथं अर्धवट उत्तरं नकोत. इथं मापापुरतंच बोलू. फक्त मापाची एक बाब: गुंठेवारीत 'दोन गुंठे' म्हणताना समोरच्या रस्त्याचा वाटा धरलाय का, हे जरूर विचारा. बऱ्याचदा धरलेला असतो.

शेळगीवाला

मापून आलो. मेव्हणा एका टोकाला, मी दुसऱ्या. स्टीलचा टेप शंभर फुटी, भाड्यानं आणला. कापडी टेप ताणला की वाढतो असं दुकानदारच म्हणाला.

चार बाजू चिठ्ठीप्रमाणेच निघाल्या: ७०, ६२, ३६, ३०. इंच-दोन इंच इकडं तिकडं. तिथं एजंट खरा. वायव्य-आग्नेय कर्ण मात्र ८० फूट. ईशान्य-नैर्ऋत्य ६६ फूट ५ इंच. नैर्ऋत्य कोपऱ्यावर बाभळ होती, तिच्यातून टेप काढताना मेव्हण्याचा शर्ट गेला.

आता पुढं काय करू?

शंकूसाखळी

शाबास. दोन कर्णांत साडेतेरा फुटांचा फरक आहे, म्हणजे जागा चांगलीच तिरकी आहे. आता दोन त्रिकोण करा.

पहिला: ७०, ३६, ८०. तिन्हींची बेरीज १८६, निम्मे ९३. ९३ मधून प्रत्येक बाजू वजा करा: २३, ५७, १३. आता ९३ × २३ × ५७ × १३ = १५,८४,९९९. याचं वर्गमूळ १,२५९, तेच त्रिकोणाचं क्षेत्र.

दुसरा: ६२, ३०, ८०. बेरीज १७२, निम्मे ८६. वजाबाक्या २४, ५६, ६. ८६ × २४ × ५६ × ६ = ६,९३,५०४. वर्गमूळ ८३२.८.

एकूण २,०९२ चौरस फूट, म्हणजे १९४.३ चौ. मी. दुसऱ्या कर्णानं करून बघितलं, तेवढंच येतं. तुमचं माप चांगलं आहे.

म्हणजे 'दोन गुंठ्यां'पेक्षा ८६ चौरस फूट कमी, आणि सातबाऱ्यावरच्या २.०० पेक्षाही साठ चौरस फूट कमी. पहिल्या फरकाचेच एक लाख वीस हजार होतात.

पण इथं एक सांगतो. आपण मोजलं ते कुंपणाच्या खांबांचं. हद्दीचे दगड तिथंच आहेत हे कशावरून? साठ चौरस फूट शेजाऱ्याच्या कुंपणात गेले असतील, किंवा रेखांकनातच तेवढी जागा असेल आणि सातबाऱ्यावर आकडा पूर्ण आरात बसवला असेल. आधी मंजूर रेखांकन मागा, त्यात प्रत्येक प्लॉटच्या बाजू आणि क्षेत्र असतं. मग मालकाला हद्द कायम मोजणीचा अर्ज करायला लावा. आता रोव्हरनं, म्हणजे उपग्रहाच्या आधारे मोजणाऱ्या यंत्रानं मोजतात, साखळी-शंकूचे दिवस गेले. मोजणीनंतर 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा मिळतो, तिच्यावरचं क्षेत्र धरून व्यवहार करा. मोजणीचा खर्च कोणी करायचा हे मात्र आधी बोलून घ्या.

शेळगीवाला

एजंटला फोन केला. कर्ण, त्रिकोण सगळं सांगितलं. आधी म्हणाला, "एवढं शिकलेलं गिऱ्हाईक परवडत नाही." मग थोड्या वेळानं स्वतःच फोन केला. म्हणाला, "फुटाचं भांडणच नको. मालक सरकारी मापानं द्यायला तयार हाय. उताऱ्यावर २०० चौ. मी. आहेत, मीटरला १५,५०० लावू आणि विषय संपवू." मेव्हण्याला पटलंय, कारण उताऱ्यावर तेवढंच लिहिलंय. घेऊ का?

होटगीकर

थांबा. १५,५०० भागिले १०.७६४. चौरस फुटाला १,४४० झाले. भाव चाळीस रुपयांनी वाढवलाय त्यानं.

टॉवेलवाला_एमआयडीसी

आणि २०० × १५,५०० = ३१ लाख. पहिल्यांदा दोन गुंठे म्हणून मागितले होते ते २,१७८ × १,४०० = ३०,४९,२००. माप कमी झालं आणि रक्कम पन्नास हजारांनी वाढली. या माणसाला आमच्या मार्केटिंगला घ्यायला पाहिजे.

शेळगीवाला

मेव्हण्याला दाखवलं. तो आता मोजणी अर्जाला काय काय कागद लागतात विचारतोय.

शंकूसाखळी

अर्ज धारकाच्या, म्हणजे विकणाऱ्याच्या नावानं होईल, तुमच्या नाही. चालू सातबारा, रेखांकनाची प्रत आणि लगतच्या धारकांची नावं-पत्ते तयार ठेवायला सांगा. शेजाऱ्यांना नोटीस जाते, त्या दिवशी ते हजर राहिले तर उत्तम. आणि ती बाभळ आधी छाटून घ्या.